बीएस्सीत असताना संशोधन प्रकल्प मिळवायचा आहे? आधी कामांचा क्रम लावा

दिवाळीची सुट्टी संपत आली की एसवाय-टीवायच्या मुलामुलींचे मला फोन येऊ लागतात. उन्हाळी फेलोशिपच्या अर्जाची मुदत आठवड्यावर आलेली असते. शिफारसपत्र कोणाकडे मागायचं ते ठरलेलं नसतं आणि अर्जातल्या आवडीच्या विषयाच्या रकान्यात फक्त ‘बायोटेक्नॉलॉजी’ असं लिहिलेलं असतं. यातल्या बहुतेकांना गुण चांगले असतात, मेहनतीची तयारीही असते. पण जुलैत करायचं काम ते नोव्हेंबरात करायला बसतात, आणि तिथेच अर्ज कच्चा पडतो.

हा लेख विद्यापीठाशी संलग्न असलेल्या साध्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण मायक्रोबायॉलॉजीचं घेतलं आहे, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित असलं तरी टप्पे तेच राहतात. एसवायच्या जूनमध्ये सुरुवात केली तर पुरेसा वेळ मिळतो.

## टप्पा १: कॅलेंडर मागून पुढे भरा

प्रकल्प साधारण मे ते जुलै या काळात होतो. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून जी उन्हाळी फेलोशिप देतात, तिचे अर्ज बहुधा नोव्हेंबरअखेरीस बंद होतात. इतर संस्थांचे अर्ज त्यानंतर हिवाळ्यात येतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पोस्टरवर विसंबू नका.

आता मागे मोजत या. अर्ज नोव्हेंबरात जायचा, म्हणजे शिफारसपत्राची विनंती ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हायला हवी. पत्रात लिहिण्यासारखं काही सरांनी पाहिलेलं असावं, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुमचं छोटंसं काम त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. त्या कामासाठी प्रश्न लागतो आणि प्रश्नासाठी वाचन लागतं. ते जून-जुलैत करायचं.

तपासा: याच कॅलेंडरवर सेमिस्टर परीक्षा, प्रॅक्टिकल परीक्षा आणि एटीकेटीचे पेपरही टाकले का? उन्हाळी सत्राच्या परीक्षा मे महिन्यात लांबतात आणि प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यावर येऊन आदळतात.

## टप्पा २: कॉलेजातला मार्गदर्शक निवडा आणि त्यांचा वेळ वाया घालवू नका

बहुतेक कॉलेजांत मेंटॉर-मेंटी योजना असते. प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी नेमून दिलेले असतात, रजिस्टर असतं, त्यावर सह्या होतात. अनेकांचा संबंध त्या सहीपुरताच उरतो. नेमून दिलेल्या मॅडम तुमच्या विषयातल्या नसतील तरी त्यांना एकदा नीट भेटा, कारण हजेरी, क्रेडिट आणि विषयांची निवड यांविषयीची माहिती त्यांच्याकडेच मिळेल. संशोधनासाठी मात्र दुसऱ्या शिक्षकांकडे जायला काहीच हरकत नाही. तसं मेंटॉरना सांगून जा.

मार्गदर्शक कसा ओळखायचा? प्रॅक्टिकलची बॅच सुटल्यावरही कोण प्रयोगशाळेत थांबतं ते पाहा. कोणाकडे पीएचडीचे विद्यार्थी आहेत, कोणाचा एखादा प्रकल्प सुरू आहे, ते विचारा. गुगल स्कॉलरवर नाव टाकून गेल्या चार-पाच वर्षांत त्यांनी काय लिहिलंय ते बघा. एचओडींकडेच जायला हवं असं नाही, आणि इंटर्नलला सढळ हाताने गुण देणारे सर या कामाला योग्य असतीलच असंही नाही.

पहिल्या भेटीला एक कागद घेऊन जा. त्यावर आतापर्यंतचे गुण, मनापासून आवडलेली दोन प्रॅक्टिकल्स, आठवड्यातले मोकळे तास आणि तुमचे तीन प्रश्न असावेत. ‘सर, मी पुढे काय करू?’ हा प्रश्न त्यात नको. त्याचं उत्तर कोणालाच धड देता येत नाही, मग ‘अभ्यास करा’ एवढंच हाती लागतं. असे प्रश्न न्या:

- मातीतल्या जिवाणूंवर काम करायचं तर या सत्रात आधी कोणतं तंत्र शिकू?
- प्रॅक्टिकल नसलेल्या दुपारी प्रयोगशाळा वापरायची परवानगी कोण देतं?
- ओपन इलेक्टिव्हमध्ये संख्याशास्त्र घ्यावं की प्रोग्रॅमिंग?

शेवटचा प्रश्न बाकीच्या दोघांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण विषयांची निवड आणि त्यांतले गुण यांवर पुढची वाट ठरते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ‘ऑनर्स विथ रिसर्च’ म्हणून करायचं असेल, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण लागतात. चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट आहेत आणि संशोधनाच्या वाटेने गेल्यास त्यातले १२ प्रकल्पाचे असतात. तुमच्या कॉलेजात ही सोय आहे का, हे एसवायलाच विचारा. टीवायच्या शेवटी कळलं तर कॉलेज बदलण्याची धावपळ करावी लागते.

भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरलं, मी काय करणार, पुन्हा कधी येऊ. त्यानंतर दर तीनेक आठवड्यांनी दहा मिनिटं भेटा आणि प्रत्येक वेळी केलेलं काही तरी दाखवा, अपयशी ठरलेली प्लेट असली तरी चालेल.

सावधान: कॅपचे (विद्यापीठाच्या केंद्रीय पेपर तपासणीचे) दिवस आणि नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या समितीच्या) भेटीचे आठवडे टाळा. त्या काळात मिळालेला तुटक नकार हा तुमच्याविषयीचा नसतो.

## टप्पा ३: विषयातून एक प्रश्न काढा

इथे सर्वांत जास्त जण अडतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

‘मला मातीच्या मायक्रोबायॉलॉजीत रस आहे’ हा विषय झाला. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत खतातून दिलेल्या फॉस्फरसचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. काही जिवाणू आम्लं सोडून तो मोकळा करतात. ते शोधायला ‘पिकोव्हस्काया अगर’ हे माध्यम वापरतात: त्यात न विरघळलेलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असल्याने प्लेट धुरकट दिसते आणि जिवाणू ते विरघळवू लागले की वसाहतीभोवती स्वच्छ वलय पडतं. इथवर पाठ्यपुस्तकात आहे. पुढे वाचलं की कळतं, प्लेटवर वलय न दाखवणारे काही जिवाणू द्रव माध्यमात मात्र चांगलं फॉस्फेट विरघळवतात. मग प्रश्न समोर येतो: मी वेगळे केलेल्या जिवाणूंमध्ये वलयाचा आकार आणि द्रव माध्यमात मोकळा झालेला फॉस्फरस यांचा मेळ बसतो का?

हा प्रश्न कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुटण्याजोगा आहे. प्रश्न एवढा लहान व्हायला हवा.

संशोधन निबंध वाचताना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत जाऊ नका. आधी शीर्षक आणि सारांश, मग आकृत्या व तक्ते, मग चर्चेचा शेवटचा भाग आणि त्यानंतर पद्धती. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते. प्रत्येक निबंधासाठी वहीत चार ओळी लिहा: त्यांनी काय विचारलं, कसं मोजलं, काय मिळालं, आणि मला काय पटलं नाही किंवा कळलं नाही. ही चौथी ओळ पुढे ईमेलमध्ये आणि मुलाखतीत कामाला येते.

निबंध पैसे भरून विकत घेऊ नका. गुगल स्कॉलरवर बऱ्याचदा मोफत प्रत सापडते, जीवशास्त्राला पबमेड सेंट्रल आहे, भौतिकशास्त्र आणि गणिताला आर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ. तरीही मिळाला नाही तर लेखकाला विनंती करा. बरेच लेखक आनंदाने पाठवतात.

तपासा: वाणिज्य शाखेतल्या मित्राला एका मिनिटात प्रश्न समजावता आला का? अडखळलात तर प्रश्न अजून मोठा आहे.

## टप्पा ४: कॉलेजातच छोटं काम करून दाखवा

बाहेरच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी हे करा. उपकरणं नाहीत म्हणून हा टप्पा सोडून देणारे बरेच असतात. पण वरच्या प्रश्नाला पेट्री प्लेट, ऑटोक्लेव्ह, पीएच मीटर आणि कलरिमीटर एवढंच लागतं. द्रव माध्यमातला फॉस्फरस मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने मोजता येतो, प्रमाण आलेखासाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट चालतं.

तीन गोष्टी आधीच ठरवा. एक, जिवाणू न घातलेला नियंत्रण नमुना. त्याशिवाय कोणत्याच आकड्याला अर्थ नाही. दोन, प्रत्येक नमुन्याच्या किमान तीन प्रती. तीन, मोजण्याआधी न विरघळलेलं फॉस्फेट नीट काढून टाकणं. मोजणीसाठी घालायचं रसायन, म्हणजे अभिकर्मक, आम्लधर्मी असतो. द्रवात उरलेले कण त्यात विरघळतात आणि जिवाणूंनी न केलेलं काम त्यांच्या नावावर जमा होतं. जमलं तर आणखी एक नमुना ठेवा: जिवाणू नाहीत, पण हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच तेवढाच खाली आणला आहे. नुसत्या आम्लाने किती फॉस्फेट सुटतं हे त्यातून कळतं. हा एक नमुना ठेवणारा विद्यार्थी विचार करतो आहे, हे कोणत्याही शास्त्रज्ञाला लगेच दिसतं.

आता वहीविषयी. आपल्याकडे ‘जर्नल’ म्हटलं की प्रयोगानंतर घरी सुवाच्य अक्षरात उतरवून, सही घेऊन, सर्टिफाय करून घेतलेली वही डोळ्यांसमोर येते. संशोधनाची वही तशी नसते. ती प्रयोग चालू असताना, टेबलाशी बसून, पेनाने भरायची. पानांना क्रमांक हवेत, रोज तारीख हवी. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली मूळ आकडा वाचता आला पाहिजे. पान फाडायचं नाही, खाडाखोड झाकणारी पांढरी शाई वापरायची नाही. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा सर्वांत आधी लिहायचा. अपेक्षित उत्तर येईपर्यंत आकडे जुळवून आणण्याची सवय प्रॅक्टिकलच्या परीक्षेने लावलेली असेल, तर ती याच टप्प्यावर मोडून टाका. पुढे ती फार महागात पडते.

प्रयोगशाळा मिळतच नसेल तर खुल्या विदेवर (डेटावर) काम करा. खगोलशास्त्राला गाया उपग्रहाची विदा आहे, प्रथिनांच्या रचनांना प्रोटीन डेटा बँक आहे, पक्ष्यांच्या नोंदींना ई-बर्ड आहे. लॅपटॉप आणि थोडं पायथन पुरतं. झालेलं काम ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवाच्या कॉलेज आणि जिल्हा पातळीवर मांडा. परीक्षकांपुढे उभं राहून उत्तरं देण्याचा सराव तिथे फुकट मिळतो.

सावधान: पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. सीव्हीवर असं प्रकाशन दिसलं की जाणकार वाचक बाकीच्या ओळींवरही शंका घेतो. शुल्क आकारून ‘इंटर्नशिप प्रमाणपत्र’ देणाऱ्यांनाही हेच लागू.

## टप्पा ५: अर्ज कुठे करायचा

दोन वाटा आहेत आणि दोन्ही धरायच्या.

पहिली, जाहीर होणारे कार्यक्रम. तीन अकादम्यांची फेलोशिप सर्व विज्ञान शाखांना खुली असते. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा पाहुण्या विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतल्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ मला विशेष आवडतो, कारण तो खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेला आहे आणि त्यातलं काम एका उन्हाळ्यापुरतं मर्यादित नसतं. प्रत्येकाची पात्रता वेगळी असते. कोणत्या वर्षातले विद्यार्थी चालतात, हे आधी वाचा.

दुसरी, थेट शास्त्रज्ञांना लिहिणं. पुण्यात आयसर, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आघारकर संशोधन संस्था; नवी मुंबईत खारघरला ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र; गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. जवळच्या विद्यापीठाचा विभाग विसरू नका. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, जळगाव इथल्या विद्यापीठ विभागांत घरून ये-जा करून प्रकल्प करता येतो, राहण्याचा खर्च वाचतो आणि स्पर्धाही कमी असते.

केंद्र सरकारची इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्यासोबत उन्हाळी प्रकल्पासाठी वेगळं अनुदान आहे. ते मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र आणि अहवाल दिल्यावर मिळतं, म्हणून हे कागद वेळेत जमवा.

## टप्पा ६: ईमेल

एकाच मजकुराचा ईमेल शंभर जणांना पाठवणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ‘आदरणीय सर/मॅडम, तुमच्या नामांकित संस्थेत मला काम करायची तीव्र इच्छा आहे’ असा ईमेल दुसरी ओळ न वाचताच पुसला जातो. आठवड्याला चार-पाचच पाठवा, पण प्रत्येक त्या माणसाचं काम वाचून.

ईमेल इंग्रजीत लिहावा लागेल. त्यातला आशय असा असावा:

> विषय: उन्हाळी प्रकल्पाविषयी विचारणा, एसवाय मायक्रोबायॉलॉजी, २० मे ते १५ जुलै
>
> डॉ. (आडनाव) यांस,
>
> मी अमुक कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे. फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंवरचा तुमच्या गटाचा अमुक निबंध मी वाचला. त्यात मोजणीआधी नमुना गाळून घेतला आहे. आमच्याकडे नुसतं सेंट्रिफ्यूज केल्यावर आकडे जास्त आले. उरलेले कण अभिकर्मकाच्या आम्लात विरघळत असावेत असं वाटतं.
>
> माध्यम बनवणं, शुद्ध वसाहत वेगळी करणं आणि कलरिमीटर वापरणं मला येतं. पीसीआर मी केलेला नाही. वरील काळात तुमच्या प्रयोगशाळेत पूर्णवेळ काम करण्याची संधी मिळू शकेल का? सोबत एक पानी सीव्ही आहे. आमच्या अमुक मॅडम माझ्या कामाविषयी सांगू शकतील.

एवढंच. काय येत नाही ते लिहायला घाबरू नका. खोटी कौशल्यं पहिल्या दिवशी उघडी पडतात. सीव्हीच्या फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू फायनल २’ नको. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एक नम्र आठवण पाठवा, त्यानंतर थांबा. फोन नंबर शोधून फोन करू नका.

तपासा: ईमेलमधलं नाव बदलून तो दुसऱ्या कोणालाही पाठवता येतोय का? येत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ७: शिफारसपत्र

‘सर, तुम्ही फक्त सही करा, मी लिहून आणतो’ असं म्हणू नका. सरांनीच मजकुराचा मसुदा मागितला तर विशेषणं न देता घटना द्या: कोणत्या महिन्यात काय केलं, कोणती अडचण आली, ती कशी सोडवली. मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी विनंती करा. सोबत सीव्ही, गुणपत्रिका, अर्जातला तुमचा मजकूर, शेवटची तारीख आणि पत्र कसं पोहोचवायचं हे एकाच ईमेलमध्ये द्या. अनेक ठिकाणी शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट दुवा जातो आणि तो स्पॅममध्ये जाऊन पडतो. मुदतीच्या आठवडाभर आधी विचारून घ्या.

‘मी हे पत्र जोरकसपणे लिहू शकेन का, मला नक्की सांगता येत नाही’ असं कोणी म्हणालं तर आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जा. त्यांनी तुमच्यावर उपकारच केलेला असतो.

अर्जातल्या छोट्या निवेदनात लहानपणापासून विज्ञान कसं आवडतं, हे सांगण्यात शब्द घालवू नका. प्रश्न, तुम्ही केलेलं काम, त्यात अडलेली जागा आणि पुढे काय शिकायचंय, या क्रमाने लिहा. मग ते मार्गदर्शकाला दाखवा.

## टप्पा ८: निवड झाल्यावर

होकार त्याच दिवशी कळवा. दुसरीकडचा निकाल यायचा असेल तर तसं खरं सांगून मुदत मागा. होकार देऊन ऐन मे महिन्यात माघार घेतली तर त्या गटाची जागा रिकामी राहते आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजच्या अर्जाकडे साशंकतेने पाहिलं जातं.

प्राचार्यांचं ना-हरकत पत्र आणि बोनाफाईड एप्रिलमध्येच काढून ठेवा, सुट्टीत कार्यालयात सह्या मिळत नाहीत. वसतिगृह मिळणार का, मानधन कधी येतं, हे आधी विचारा. मानधन बहुधा उशिरा जमा होतं, म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च हाताशी ठेवा. घरची परिस्थिती तंग असेल तर मार्गदर्शकाशी मोकळेपणाने बोला. यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिल्या आठवड्यात सुरक्षिततेचे नियम, कचऱ्याची विल्हेवाट आणि उपकरणांची नोंदवही शिकून घ्या. रोजच्या अडचणी पीएचडी करणाऱ्या दादा-ताईंना विचारा, पण एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ देऊ नका, पहिल्यांदाच लिहून घ्या. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाला एका पानावर काम दाखवा. काही फुटलं, नमुना दूषित झाला, आकडे चुकले, तर त्याच दिवशी सांगा. विदेची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी ठेवा. संस्थेबाहेर कुठे ठेवायची असेल तर परवानगी घेऊन.

## टप्पा ९: निघण्याआधी

शेवटचे दहा दिवस नवीन प्रयोग सुरू करू नका. अहवाल लिहा, वही आणि मूळ विदा गटाकडे सुपूर्द करा, नमुन्यांवर नाव-तारीख आहे का ते बघा. वहीचे फोटो स्वतःजवळ ठेवायचे असतील तर विचारून ठेवा. या कामातलं किती कॉलेजच्या सादरीकरणात किंवा ‘आविष्कार’मध्ये दाखवता येईल, हे मार्गदर्शकाकडून लेखी घ्या. न विचारता मांडलेली एक आकृतीही गटाच्या प्रकाशनाला अडचणीत आणू शकते. निबंधावर तुमचं नाव येईल का, हेही याच वेळी सरळ विचारा. दोन महिन्यांच्या कामावर ते बहुधा येत नाही आणि त्यात अन्याय नाही.

प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग, तारखा आणि मार्गदर्शकाची सही तपासा. पुढे एमएस्सी किंवा इंटिग्रेटेड पीएचडीसाठी पत्र लागेल, हे निघतानाच सांगून ठेवा. कॉलेजात परतल्यावर अहवालाची एक प्रत घेऊन पहिल्या मार्गदर्शकांना भेटा आणि एसवायच्या नव्या बॅचपुढे अर्धा तास बोलायची परवानगी मागा. त्यांचं कॅलेंडर त्याच जुलैपासून सुरू होतं.